दहा दिवसांचे भंतेजी

यंदा आईनं कुरडया घातल्या नाहीत. मला पहिला संशय आला तो तेव्हा.

आमच्याकडे उन्हाळा गच्चीवरून घरात येतो. गहू भिजत पडतात, त्यांचा आंबूस वास जिना उतरून खाली येतो, मग एका सकाळी आई चीक शिजवायला बसते आणि अर्धी गल्ली वाट्या घेऊन हजर होते. गरम चिकात दूध-साखर घालून तो खाल्ला की आमची सुट्टी सुरू. दुपारी जुन्या लुगड्यांवर पांढऱ्या कुरडयांच्या रांगा, आणि कावळे हाकायला छत्री घेऊन बसलेली मी. बाबा गेले त्या वर्षीही आईनं कुरडया घातल्या होत्या. महिनाभर उशिरा, पण घातल्या होत्या. यंदा मी गव्हाचं विचारलं तर म्हणाली, "कोण खायलंय एवढ्या? राहू दे की." आणि पंख्याकडं बघत बसली. आई पंख्याकडं बघायला लागली की समजावं, काहीतरी शिजतंय आणि ते गॅसवर नाही.

दुसरा संशय भाजीच्या गाड्यावर आला. भाजीवाल्यानं कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली आणि आई त्याला म्हणाली, "डांके."

"क्या बोले अम्मा?" त्यानं विचारलं.

"कुछ नाय, कुछ नाय," म्हणत आई लाजली आणि भराभरा चालायला लागली. डांके म्हणजे जर्मन भाषेत आभार, एवढं मलाही ठाऊक आहे. भाजीवाल्याचे आभार आईनं आजवर मराठीतसुद्धा मानले नव्हते.

तिसऱ्या वेळी काही शोधावं लागलं नाही. उशीचा अभ्रा काढायला कपाट उघडलं तर वरच्या फळीवर नवा करडा स्वेटर. लेबलासकट. मे महिन्यात, आणि अशा गावात, जिथं दुपारी नळ सोडला तर चहाचं पाणी येतं.

माझा स्वभाव संशयी आहे हे सांगून टाकलेलं बरं. लोक दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून पितात, मी माठातलं पाणीही फुंकून पिते. घरात माझं नाव सीआयडी. माझी लेक तर फोन आला की आधीच सांगते, "आई, मैत्रीण आहे, मुलगी आहे, अभ्यासाचं आहे." पण मी म्हणते, संशय घेणाऱ्या माणसाचं निदान लक्ष तरी असतं. बाकीच्यांना गोष्टी घडून गेल्यावर कळतात.

तर राहुल येणार होता. राहुल माझा धाकटा भाऊ, पंधरा वर्षांपासून जर्मनीत. परदेशातली माणसं डिसेंबरात येतात, लग्नं गाठतात, हुरडा खातात आणि जातात. हा येणार ऐन मे महिन्यात, दोन्ही पोरांना घेऊन, बायकोशिवाय. "तिला सुट्टी नाय मिळाली, ताई," तो फोनवर म्हणाला. मी "बरं" म्हणाले. मे महिन्यात आमच्या गावी कुणी उगाच येत नाही. येतो तो काहीतरी न्यायला.

आणि या घरात न्यायला आता उरलंय काय? बाबांची खुर्ची, भिंतीवरचे फोटो, कूलर आणि आई. मला भीती होती ती हीच. हा आईला न्यायला आलाय. मी रोज शाळा सुटली की आईकडं जाते, तिच्या हातचा चहा पिते, तिच्याशी भांडते आणि मग माझ्या घरी जाते. मी शिक्षिका आहे, वर्षाकाठी शे-दीडशे पोरांच्या तोंडावरून खोटं ओळखते. पण आई जाईल हा विचार आला की माझं तोंड मलाच ओळखू येत नव्हतं.

राहुल आला. टकलाकडं झुकलेला, गोरा झालेला, गुडघ्यापर्यंतच्या चड्डीत. त्याची तारा बारा वर्षांची आणि नील नऊचा. दोघं मराठी बोलतात, पण प्रत्येक शब्द धुऊन वाळवून आणल्यासारखा. नील आल्या आल्या म्हणाला, "आत्या, इथे खूपच गरम होत आहे." आई त्याच्यावर जीव ओवाळून टाकत म्हणाली, "व्हय रे माझ्या सोन्या, लई गरम होत आहे."

त्यांच्या शहरातल्या उन्हाळ्याचे व्हिडिओ मी बरीच वर्षं बघत आले होते. पोरं तळ्यात पोहतात, चौकातल्या कारंज्यात चड्डीवर नाचतात, आईबाप गवतावर चादर टाकून ब्रेड खातात आणि राहुल सांगतो, "ताई, आता रात्रीचे नऊ वाजलेत." बाहेर लख्ख ऊन. पहिल्या वेळी मला वाटलं हा बनवतोय मला. मी लेकीला घड्याळ तपासायला लावलं होतं.

आता राहुलनं ठरवलं की पोरांना आपला उन्हाळा दाखवायचा, आपण लहानपणी जसा घालवला तसाच्या तसा. मग रोज सकाळी निघायचं. सिद्धार्थ बागेत झाडाखाली भेळ. पाणचक्कीच्या हौदावर वाकून मासे बघणं आणि तोंडावर येणारे थंडगार तुषार. मकबऱ्याच्या चौथऱ्यावर अनवाणी पाय भाजत पळणं. पैठणला जाऊन नदीकाठची खरबुजं. रसवंतीच्या चरकाला बांधलेली घुंगरं वाजली तशी तारा थांबली आणि म्हणाली, "हे मशीन नाचत आहे का?" मला ती पोर आवडली. पण मी सावध होते. राहुल प्रत्येक ठिकाणी आईला मधोमध बसवून फोटो काढत होता. जिथं माणूस पुन्हा येणार असतो तिथं एवढे फोटो कोण काढतं?

आमच्या लहानपणी हे सगळं एका लुनावर व्हायचं. बाबा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात होते. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी पुढं राहुल उभा, मागं आई, आईच्या मांडीवर मी, आणि चढ आला की मी आणि आई उतरून चालत. मकबऱ्याच्या रस्त्यावर गोळेवाल्याची गाडी होती. गोणपाटात, लाकडाच्या भुश्यात गुंडाळलेली बर्फाची लादी. रंध्यावर ती घासली की येणारा तो खर्रखर्र आवाज. राहुलला काला खट्टा लागायचा. जीभ जांभळी करून तो दिवसभर ती सगळ्यांना दाखवत फिरायचा. आईची पर्स, तिच्यात ओला रुमाल, कांद्याचा एक तुकडा ऊन लागू नये म्हणून. त्या कांद्याचा आणि रुमालाचा मिळून जो वास यायचा तोच मला आजही सुट्टीचा वास वाटतो.

मग परवा राहुल म्हणाला, "ताई, विहारात यंदाचं शिबिर चालू हाय म्हणं. पोरांना नेऊ. भोजनदान पण करू."

आईनं माझ्याकडं बघितलं आणि लगेच पंख्याकडं बघितलं.

मकबऱ्यामागच्या डोंगरात बुद्धलेणी आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी आमचा विहार. दर उन्हाळ्यात तिथं श्रामणेर शिबिर भरतं. वस्तीतली पोरं दहा दिवसांसाठी डोकं भादरून घेतात, केशरी चीवर नेसतात, भिक्खूंसारखी राहतात. दुपारी बाराच्या आत जेवायचं, त्यानंतर दुसऱ्या सकाळपर्यंत काही खायचं नाही. आणि त्या दहा दिवसांत आईबापांनी पोराला नावानं हाक मारायची नाही. भंतेजी म्हणायचं, समोर आला की खाली वाकून वंदन करायचं. बाईमाणसानं, मग ती आई का असेना, त्याला हात लावायचा नाही.

रिक्षावाला म्हणाला, "इत्ते धूप में लेणी कायकू जारे आप लोगां? शाम को जाते ना." त्याचं खरं होतं. आम्ही मांडवात शिरलो आणि नव्या चीवरांच्या कोऱ्या कापडाचा वास आला. मेणबत्त्या, वरणाची फोडणी, शेणानं सारवलेली जमीन आणि मधून मधून तो कोरा वास. रांगेत पंचवीस-तीस तुळतुळीत डोकी. इतकी वर्षं झाली, त्या रंगाचं कापड बघितलं की मी अजून आधी दार कुठं आहे ते बघते.

राहुल नऊ वर्षांचा होता तेव्हा शिबिराला बसला. मी अकरा वर्षांची.

त्याला पाठवायचं कधी ठरलं, कुणी ठरवलं, मला आजही ठाऊक नाही. त्या उन्हाळ्यात घरात मोठी माणसं हळू आवाजात बोलत होती, बाबा भर दुपारी घरी असायचे, आणि एक भंते चहाला येऊन गेले. गोल चेहऱ्याचे, सारखे हसणारे. एवढ्या उकाड्यात जो हसतो त्याच्यावर मी तेव्हाही विश्वास ठेवत नव्हते. त्यांनी राहुलला जवळ बोलावलं, नाव विचारलं आणि म्हणाले, "राहुल! वा. मग याला तर यायलाच पाहिजे."

केस काढले त्या सकाळी आई पदराइतकं पांढरं फडकं दोन्ही हातांवर धरून त्याच्यासमोर बसली होती. काळेभोर केस त्यात पडत होते. राहुलचं डोकं बघता बघता लहान झालं आणि कान मोठे झाले. कानामागं वस्तरा लागला, रक्ताचा बारीक थेंब आला. आईचा हात वर गेला. पण तोवर दीक्षा घेण्याची वेळ झाली होती, कुणीतरी "बाई, आता नको" म्हणालं, आणि आईचा हात हवेतच राहिला. मग तो तिनं फडक्याची गाठ मारायला वापरला. ती पुरचुंडी घरी आणून तिनं कपड्यांच्या पेटीत, खाली, ठेवली.

मी विचार केला, ज्या पोराचे केस परत उगवणार आहेत, घरातच उगवणार आहेत, त्याचे केस कोण जपून ठेवतं?

त्या संध्याकाळी भंत्यांनी गोष्ट सांगितली. आमच्या राहुलच्या नावाची. सिद्धार्थाचा मुलगा राहुल लहान होता, आईनं त्याला बापाकडं पाठवलं, जा, वारसा माग म्हणाली. पोरानं मागितला. तथागतांनी त्याला वारसा म्हणून दीक्षा दिली आणि तो पहिला श्रामणेर झाला. सगळे तल्लीन. मी हात वर केला.

"मग तो परत घरी कधी आला?"

भंते हसले. "नाही आला, बाळ. तो संघाचा झाला."

"साधू, साधू, साधू," सगळी सभा होकार भरत म्हणाली. आईसुद्धा म्हणाली. मी तिच्या ओठांकडं बघत होते म्हणून मला पक्कं ठाऊक आहे.

झालं. मला सगळं कळलं. नाव आधीपासून राहुल ठेवलेलं, केस जपून ठेवलेले, आईनंच पाठवलेला. घरी आलो तर त्याची उशी कपाटावर टाकलेली. का, तर म्हणे खाली धूळ बसते. दहा दिवस हे पोरांना गप्प करायला सांगतात, मी मनाशी म्हणाले. राहुलला देऊन टाकलंय.

दुसऱ्या दिवशी पिंडपात होता. श्रामणेर रांगेनं वस्तीतून फिरणार, घराघरांतून भिक्षा घेणार. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तरी बायांनी अख्खा रस्ता शिंपडला होता. ओल्या मातीचा वास, पांढऱ्या साड्या, पातेल्यांवरच्या झाकणांचे आवाज. आईनं शिरा केला होता, बेदाणे घालून. रांग आली. सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत लहान, चीवरात पाय अडकत चालणारा आमचा राहुल. आमच्याच दारासमोर थांबला. नजर पायाशी. मी दारातून म्हणाले, "राहुल्या." त्यानं वर बघितलं नाही. कानामागं कापूस चिकटवलेला होता.

आईनं पात्रात शिरा वाढला. मग ती गुडघ्यावर बसली आणि ओल्या मातीत कपाळ टेकलं. माझी आई. आपल्या पोरापुढं. बाबाही वाकले. राहुल बारीक आवाजात पुटपुटला, "भवतु सब्ब मंगलं," आणि पुढं गेला. मी घरात पळाले आणि पाण्याच्या टाकीमागं बसून रडले. तो आमचा असता तर आई त्याच्या पाया पडली असती का?

मग मी उपाय काढला. बाराच्या नंतर खाल्लं तर नियम मोडतो. नियम मोडला की शिबिरातून काढतील. काढलं की घरी. इतकं सोपं. प्रश्न होता तो काय खाईल याचा. घरातला आंबा नेला तर आईच्या लक्षात येईल. आणि राहुल आता फार शहाणा झाला होता, साध्या वस्तूला भुलला नसता. काला खट्ट्याला मात्र नाही म्हणण्याची त्याची टाप नव्हती.

भर दुपारी मी गोळा घेतला, जास्त रंग टाकायला लावला, स्टीलच्या डब्यात ठेवला, डब्याला ओला पंचा गुंडाळला आणि डोंगराकडं निघाले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डांबर चपलेला चिकटत होतं. डबा आधी खडखडत होता, मग डुचमळायला लागला, मग तर नुसताच चुबुकचुबुक. मला थांबून बघायचा धीर झाला नाही.

राहुल विहारामागं लिंबाखाली एकटा बसला होता, ध्यानाला की झोपेला ठाऊक नाही. मी डबा उघडला. आत जांभळं पाणी आणि एक काडी.

"खा," मी म्हणाले.

त्यानं डब्यात बघितलं. गिळलेला आवंढा मला दिसला. मग तो उठला, डबा दोन्ही हातांत धरला आणि थेट त्या हसऱ्या भंत्यांकडं चालत गेला. मी थिजले. पण मनातून म्हणाले, बरंच झालं, चोरी आपणहून सांगायलाय, आता नक्की काढतील.

भंत्यांनी डब्याचा वास घेतला. माझ्याकडं बघितलं. उन्हानं लाल झालेली मी, पंचा ओला, हात जांभळे.

"बाराच्या नंतर चावून खायचं नाही," ते म्हणाले. "प्यायचं चालतं. हे तर सरबत आहे." आणि राहुलला म्हणाले, "उपासिकेनं उन्हातून आणलंय, भंतेजी. सगळ्यांना एक एक घोट द्या."

मग शिबिरातल्या तीसेक पोरांनी एक एक घोट घेतला, राहुलनं सगळ्यांत शेवटी. मग सगळ्यांच्या जांभळ्या जिभा एकदमच बाहेर आल्या. राहुलचीही. नऊ वर्षांच्या माझ्या भावाची जीभ. मला हसूही आलं आणि रडूही, आणि भंत्यांच्या त्या "भंतेजी" म्हणण्याची भीती पोटात तशीच राहिली. गोळा विरघळला नसता तर माझा भाऊ माझा झाला असता, असं मी कितीतरी वर्षं मानत होते.

अकराव्या दिवशी राहुल घरी आला. चड्डी-शर्टात, डोक्यावर बाबांची टोपी. आईनं त्याला दारातच जवळ घेतलं, सोडीचना. पण मी फसणारी नव्हते. आला होता तो राहुलच कशावरून? तो सकाळी आपण होऊन उठायचा. आंब्याची मोठी फोड मला द्यायचा. मी मुद्दाम त्याची गोटी लपवली तर म्हणाला, "राहू दे, ताई, तुला ठेव." मला धडकी भरली. मी त्याच्या मागं मागं फिरले, खोड्या काढल्या, चिमटे काढले. शेवटी एका दुपारी, पत्ते खेळताना मी चक्क त्याचे पत्ते बघितले, तर त्यानं माझी वेणी अशी ओढली की डोळ्यांतून पाणी आलं. "चोट्टी!" तो ओरडला. मी एवढी मोठ्यानं रडायला लागले की आई धावत आली. तिला वाटलं लागलं.

त्यानंतर मी वर्षानुवर्षं त्या एका दारावर पहारा दिला. भंते दिसले की मी राहुलला आत बोलवायचे. शिबिराचं पत्रक आलं की आधी मी वाचायचे. आणि राहुल गेला तो भलत्याच दारानं. कॉलेज, नोकरी, मग दुसरी नोकरी, मग एक दिवस चिकलठाण्याच्या विमानतळावर इस्त्रीच्या शर्टात उभा, "येतो, ताई." दाट केस होते तेव्हा डोक्यावर. त्या दारावर कुणाचाच पहारा नव्हता. उलट आम्ही पेढे वाटले.

परवा मांडवात भोजनदान झालं. नील एका श्रामणेराशेजारी मांडी घालून बसला होता, अगदी त्याच्याच वयाच्या. दोघं एकमेकांचं डोकं बघत होते. मग नील उठून आला आणि म्हणाला, "बाबा, मी पण दहा दिवस इथे राहू शकतो का?"

"नाही," राहुल ताडकन म्हणाला. आणि त्याचा हात नीलच्या केसांत गेला. घट्ट. "तुला ऊन सोसणार नाही." मग माझ्याकडं लक्ष गेलं तसा तो ओशाळला आणि पोरांना घेऊन लेण्यांच्या पायऱ्या चढायला लागला.

मी आणि आई खाली राहिलो. तिचे गुडघे आता डोंगर मानत नाहीत. एका कड्याच्या सावलीत, गार दगडावर बसलो. वरून पोरांचे आवाज येत होते. खाली सगळं शहर उन्हात पांढरं पडलेलं, मकबऱ्याचा घुमट तेवढा ओळखू येत होता. आता नाही विचारलं तर कधीच नाही, असं वाटलं.

"तो तुला न्यायला आलाय ना?"

आईनं पदरानं मान पुसली. "तुझा शक काय जात नाय बग."

"आलाय की नाही, सांग."

"त्यो कुठं न्यायलाय? मीच म्हणले त्याला, मला घेऊन चल."

मी सगळं धरून चालले होते. राहुलचा डाव, त्याच्या बायकोचा डाव, पोरं सांभाळायला माणूस हवं असेल, घर विकायचं असेल. हे एक धरलं नव्हतं.

"त्यो नकोच म्हणत होता," आई म्हणाली. "म्हणला थंडी लई असती, तुला करमायचं नाय. म्या म्हणलं, तू खामखा फिकीर करू नको."

"पण का?"

ती मांडवाकडं बघत होती. तिथं श्रामणेर आपापली पात्रं घासत होते, पाण्यापेक्षा राख जास्त.

"ते धा दिवस हायत ना," ती म्हणाली, "मला वाटलेलं पोरगं गेलं हातचं. भंते म्हणले, नाय आला परत, आन् समदे साधू म्हणले. म्या बी म्हणले. जीव खाली-वर व्हायला होता, पर म्हणले. मग आलं पोरगं. तवा वाटलं, आता काय बी झालं तरी राहू शकते मी याच्याबिगर. तसंच पंधरा वरीस राह्यले. आता नाय राहू वाटत, बाई. आता वय बी नाय राह्यलं राहायचं."

म्हणजे त्या उन्हाळ्यात आम्ही दोघी, एकाच घरात, एकच संशय उराशी घेऊन फिरत होतो. एक टाकीमागं बसून, एक शिरा वाढून. आणि एकीनंही दुसरीला विचारलं नाही. मला तिचा हात धरावासा वाटला. पण त्याआधी राग आला, खरं सांगायचं तर फार राग आला.

"आणि मी?" मी म्हणाले. "मी नाही का कोणी? मी रोज येते तुझ्याकडं."

"तू येतीसच की." आईला माझा प्रश्न कळलाच नव्हता. "तुझी कवा वाटच बघावी लागली नाय मला. तुझ्यामुळं तर जीव थाऱ्यावर राह्यला माझा."

हे कौतुक आहे हे मला कळत होतं. तरी ते गिळवलं नाही. जो कायम समोर असतो त्याची आठवण कुणाला येणार? पंधरा वर्षं मी रोज त्या घरी गेले, आणि ती पंधरा वर्षं रोज खिडकीतून माझ्यापलीकडं बघत होती. मला ते दिसलं नाही. मला, सीआयडीला.

वरून तारा ओरडली, "आजी, इथे खूप मोठा बुद्ध आहे!"

"व्हय गं माय, बघ नीट," आई ओरडली. तोंडभर हसली. किती दिवसांनी ती अशी हसत होती, आणि मला तेही सोसत नव्हतं.

मी विचारलं, "किती दिवसांसाठी?"

"तीन महिन्यांचं तिकीट काढलंय त्यानं."

"आणि मग? परत येशील ना?"

हा प्रश्न मी आयुष्यात कुणाला सरळ विचारला नव्हता. राहुलला नाही, बाबांना दवाखान्यात नेलं तेव्हा नाही. विचारण्यापेक्षा पाळत ठेवणं मला सोपं वाटायचं. आईनं माझ्याकडं बघितलं. पंख्याकडं बघते तसं नाही, सरळ डोळ्यांत. मी वाट बघत होते की आता ती म्हणेल, येणार की, वेडी का काय, तिथं कोण राहणार. तसं म्हणाली असती तर मी ओठांकडं बघितलं असतं, खोटं पकडलं असतं आणि रात्रभर त्यावर जळत बसले असते. ते मला जमतं.

"म्हायीत नाय गं," आई म्हणाली.

तिनं माझा हात हातात घेतला. राहुल पोरांना घेऊन पायऱ्या उतरायला लागला होता, लांबूनच आमच्या चेहऱ्यांचा अंदाज घेत. आजवर या घरातला प्रत्येक माणूस मला "येतो" म्हणून गेला आणि मी एकावरही विश्वास ठेवला नाही. आईच्या या बोलण्यावर मात्र माझा लगेच विश्वास बसला.